आयोटा : एका धाकट्या अक्षराची कुळकथा

लेखनशुद्धीचा तास चालू होता. 'काना-मात्रेचाही फरक होता कामा नये' हे सांगता सांगता आमच्या तोंडून सवयीने 'एक आयोटाही इकडचा तिकडे नको' असे निघून गेले. बारावीपर्यंत विज्ञान शिकून मग कलाशाखेत आलेला एक विद्यार्थी मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, आयोटा म्हणजे वजा एकचे वर्गमूळ ना?" वर्ग हसला, आम्हीही हसलो, आणि मग आम्ही त्या वर्गाला तीच गोष्ट सांगितली जी गेली कित्येक वर्षे सांगत आलो होतो. इ.स. ३२५ मध्ये नायसिया येथे ख्रिस्ती धर्माची मोठी परिषद भरली, तेथे 'होमोऊसिओस' की 'होमोइऊसिओस' यावर वाद पेटला, दोन शब्दांत फरक होता तो केवळ 'आयोटा' या ग्रीक अक्षराचा, आणि त्यावरून इंग्रजीत 'एका आयोटाचाही फरक नाही' हा वाक्प्रचार आला. गोष्ट छान आहे. वर्गात रंगते. इंग्रजीच्या व्यासपीठांवरून आम्ही ती ऐकली होती, एक-दोन लोकप्रिय पुस्तकांत वाचली होती. पण ती चूक आहे, आणि चूक असलेली गोष्ट आम्ही इतकी वर्षे लेखनशुद्धीच्या तासाला सांगत होतो, हे ध्यानात आले तेव्हा हसू येईनासे झाले. हा लेख त्या चुकीची भरपाई म्हणून लिहीत आहोत.

इंग्रजीत 'आयोटा' म्हणजे कण, लवलेश. पुराव्याचा आयोटा नाही, सत्याचा आयोटा नाही, लाजेचा आयोटा नाही. शब्द बहुधा नकारातच येतो. आपल्याकडे अल्पत्वाची मापे धान्याची, सराफाच्या काट्याची, सुताराच्या गजाची: तिळभर, रतिभर, तसूभर. अक्षराच्या मापाने मोजायचे झाले तर 'काना-मात्रा' तेवढी आहे. इंग्रजीने मात्र क्षुल्लकपणाचे माप म्हणून परक्या लिपीतले एक अक्षर उचलले. चोवीस ग्रीक अक्षरांपैकी हेच का, या प्रश्नाचे उत्तर ग्रीसमध्ये मिळत नाही. त्यासाठी आणखी पूर्वेला जावे लागते.

ग्रीकांनी आपली लिपी इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपास फिनिशियनांकडून घेतली. त्या लिपीत 'योद' नावाचे अक्षर होते. नावाचा अर्थ हात. त्याचा उच्चार 'य'. ग्रीकांना स्वरांसाठी चिन्हे हवी होती, म्हणून त्यांनी हे 'य'चे चिन्ह 'इ'साठी वापरले आणि नाव केले आयोटा. 'य' आणि 'इ' यांचे हे घरोब्याचे नाते संस्कृत व्याकरण शिकलेल्यांना सांगायला नको. यण् संधी आणि संप्रसारण यांत आपण त्यांना एकमेकांच्या घरी जाता-येताना पाहतोच. आरंभीच्या काही ग्रीक प्रदेशांत आयोटा नागमोडी काढीत. पुढे तो एका सरळ उभ्या रेघेवर आला. वर्णमालेत त्याचा क्रम नववा, पण अंक म्हणून वापरताना त्याची किंमत १०, कारण सहाच्या जागेवर असलेले एक जुने अक्षर लेखनातून गेले तरी अंकगणनेत राहिले. मेलेल्या अक्षराचा हिशेब जिवंत ठेवणे ही गोष्ट ग्रीकांना जमत असे.

इकडे हिब्रू लेखनात वेगळे काही घडत होते. जुन्या वळणात योद काही लहान नव्हते. पण ज्यूंनी बाबिलोनच्या बंदिवासानंतर हळूहळू अरामी वळणाची चौकोनी अक्षरे स्वीकारली, आणि त्या वळणात योद आक्रसत आक्रसत ओळीच्या वरच्या अंगाला लटकलेल्या एखाद्या स्वल्पविरामाएवढे झाले. सर्व अक्षरांत धाकटे. आयोटाला लहानपणाची ख्याती मिळाली ती या हिब्रू भावंडामुळे.

धाकट्याचे लाड होतात तसे रब्बींनी योदचे केले. त्यांच्या कथा पुढील शतकांत लिहून ठेवल्या गेल्या, पण त्यांतली वृत्ती जुनी आहे. देवाने अब्राहामाच्या पत्नीचे नाव 'साराय'चे 'सारा' केले तेव्हा नावाच्या शेवटचे योद गळाले. ते देवापुढे जाऊन रडू लागले: मी सर्वांत लहान, म्हणूनच ना मला त्या साध्वीच्या नावातून काढले? देवाने त्याची समजूत घातली: आजवर तू एका स्त्रीच्या नावाच्या शेवटी होतास, आता एका पुरुषाच्या नावाच्या आरंभी बसवतो. आणि मोशेचा सहकारी 'होशेय' याच्या नावाआधी योद लागून तो 'यहोशवा' झाला. दुसरी कथा अधिक गंभीर आहे. राजाने पुष्कळ बायका करू नयेत असे नियमशास्त्रात आहे. हिब्रूत त्या वाक्यातील 'वाढवणे' या क्रियापदाच्या आरंभी योद येते. शलमोन राजाने नियम मोडला, तेव्हा योदने तक्रार केली की राजा मला रद्द करीत आहे. आज मी, उद्या दुसरे अक्षर. मग शास्त्रच उरणार नाही. देवाचे उत्तर असे की शलमोन आणि त्याच्यासारखे हजार नाहीसे होतील, तुझे टोकही नाहीसे होणार नाही. राजा एका पारड्यात आणि एवढेसे अक्षर दुसऱ्यात, आणि खाली जाते ते अक्षराचे पारडे. या कथेत केवळ कल्पनाविलास नाही. तोराची हस्तलिखित गुंडाळी एका अक्षराने उणी-अधिक झाली तर दुरुस्त केल्यावाचून पठणास चालत नाही. आपल्या कोकणातील बेने इस्रायलींच्या प्रार्थनामंदिरांतील गुंडाळ्यांनाही हाच दंडक लागू आहे.

ही पार्श्वभूमी ठेवून मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचला की आयोटाचा पत्ता लागतो. डोंगरावरील प्रवचनात येशू सांगतो की मी नियमशास्त्र मोडायला आलो नाही, आणि आकाश व पृथ्वी आहे तोवर त्यातील एक आयोटा किंवा एक 'केरेआ' ढळणार नाही. केरेआ म्हणजे बारीकसे शिंग, अक्षराच्या अंगाला फुटलेले टोक. येशूची बोली अरामी, त्याच्यासमोरचे शास्त्र हिब्रू, आणि शुभवर्तमान लिहिले गेले ग्रीकमध्ये. तेव्हा लेखणीतून उतरला तो आयोटा असला तरी नजरेपुढे होते ते योदच. लूकच्या शुभवर्तमानात हेच वाक्य येते, पण तेथे आयोटा नाही, नुसते शिंग आहे. मत्तयाने आयोटा लिहिला नसता तर इंग्रजी भाषा आज एका शब्दाला मुकली असती. किंबहुना दोन.

कारण या एका आयोटाचे इंग्रजीत दोन शब्द झाले. त्यांतला वडील 'जॉट'. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विक्लिफच्या अनुयायांनी लॅटिनवरून बायबल इंग्रजीत आणले, तेव्हा प्रचलित झालेल्या पाठात 'अक्षर' आणि 'टिटल' असे शब्द आले. हा 'टिटल' मूळ लॅटिन 'टिट्युलस'. पुस्तकाच्या नावाला इंग्रजीत जो शब्द आहे तोच हा. मध्ययुगीन लेखनिक शब्दाच्या डोक्यावर जी छोटी रेघ देत, तिलाही ते हेच नाव देत असत. स्पॅनिशमधील 'टिल्डे' याच कुळातला, आणि इंग्रजी 'आय'वरच्या टिंबालाही टिटलच म्हणतात. ग्रीक शिंगाला इंग्रजी टिंब भेटले ते असे. पुढे विल्यम टिंडेलने थेट ग्रीकवरून नव्या कराराचे भाषांतर केले, ते १५२६ मध्ये छापून इंग्लंडात चोरून नेले गेले. त्याने आयोटा अक्षराचे नावच इंग्रजी रूपात ठेवले. त्या काळी इंग्रजीत 'आय' आणि 'जे' ही वेगळी अक्षरे नव्हती. एकाच अक्षराची दोन वळणे होती. १६११ च्या राजमान्य बायबलाच्या मूळ छापातही हा शब्द 'आय'नेच लिहिलेला आहे. अक्षरे पुढे सतराव्या शतकात विभक्त झाली आणि 'जॉट' 'जे'च्या वाट्याला गेला. आयोटापासून निघालेल्या शब्दाच्या आरंभी आज आयोटाच नाही.

टिंडेलला १५३६ मध्ये ब्रुसेल्सजवळ फिल्फोर्डे येथे गळा आवळून मारले आणि मग जाळले. त्याच्यावर आरोप पाखंडाचा होता, पण त्या पाखंडाच्या मुळाशी काही शब्दांची भाषांतरे होती: 'चर्च' न म्हणता 'मंडळी', 'धर्मगुरू' न म्हणता 'वडील'. त्याच्या मृत्यूनंतर पाऊणशे वर्षांनी राजाच्या आज्ञेने सत्तेचाळीस विद्वानांनी जे बायबल सिद्ध केले, त्यात नव्या कराराची फार मोठी शब्दसंपदा टिंडेलचीच आहे. हा 'जॉट' आणि 'टिटल'ही. भाषांतराचा पेपर शिकवताना 'शब्दनिवड' या घटकाला दहा गुण असतात. टिंडेलची आठवण आम्हाला तेथे नेहमी येते.

बायबलातून 'जॉट' बोलीत उतरला आणि शेक्सपिअरपर्यंत पोचला. 'ऑथेल्लो'त इयागो संशयाचे विष घालून वर विचारतो की तुमचे मन खट्टू झालेले दिसते, आणि ऑथेल्लो 'जॉटभरही नाही' असे म्हणतो, तेही दोनदा. दोनदा म्हणतो म्हणूनच आपल्याला कळते की झाले आहे. पण या शब्दाचा खरा उपयोग 'मर्चंट ऑफ व्हेनिस'च्या न्यायालयात होतो. शायलॉक करारावर अडून बसलेला. करारात लिहिले आहे तेवढे द्या, दया-क्षमा नको. वकिलाच्या वेषातील पोर्शिया म्हणते, बरोबर आहे, लिहिले आहे तेवढेच घे. मांस लिहिले आहे, रक्ताचा एक 'जॉट'ही लिहिलेला नाही. रक्ताला थेंब म्हणणे स्वाभाविक झाले असते. शेक्सपिअरने अक्षराचे नाव वापरले. नियमशास्त्राच्या अक्षराला प्राणापलीकडे जपणाऱ्या परंपरेतला एक ज्यू, आणि त्याला त्याच परंपरेतल्या सर्वांत लहान अक्षराने बांधून घातले जाते. शेक्सपिअरच्या मनात हे होते असे आम्ही म्हणणार नाही. शब्द तोवर इतका झिजला होता की त्यातले योद त्याला दिसले नसणेच अधिक संभवते. पण वाचकाला ते दिसल्यावर न दिसल्यासारखे करता येत नाही, आणि ते दिसले की त्या प्रसंगातील विजयाची चव थोडी कडू होते. मिल्टनने मात्र शब्दाचे मूळ ओज राखले. दृष्टी जाऊन तीन वर्षे झाल्यावर सिरियक स्किनर या मित्राला उद्देशून लिहिलेल्या सुनीतात तो सांगतो की उमेदीतला 'जॉट'ही आपण कमी होऊ दिलेला नाही. अठराव्या शतकात स्कॉटलंडकडे याच शब्दाचे क्रियापद झाले, चटकन टिपून घेणे या अर्थी. आपले विद्यार्थी व्याख्यान 'जॉट डाउन' करतात तेव्हा ते मत्तयाच्या पाचव्या अध्यायातूनच शब्द घेत असतात.

धाकटा शब्द 'आयोटा'. सतराव्या शतकात ग्रीक जाणणाऱ्या इंग्रजांनी अक्षराचे नाव न मोडता तसेच उचलले आणि 'जॉट'च्याच अर्थाने चालवले. तद्भव घरात असताना तत्सम पुन्हा आणावा, तसे. पण येथे एक उलटापालट झाली, आणि आमच्या मते या शब्दाच्या इतिहासातले मर्म तेथे आहे. मत्तयाच्या वाक्यात आयोटा लहान आहे म्हणूनच त्याची राखण आहे: एवढेसे अक्षरही जाणार नाही, मग मोठ्यांची काय कथा! इंग्रजी वाक्प्रचारात आयोटा लहान आहे म्हणून नगण्य आहे. ज्या वाक्याने अक्षराचे मोल सांगितले, त्याच वाक्यातून निघून ते अक्षर मोल नसल्याची खूण बनले.

आता नायसिया. त्या शब्दांचा आणि या वाक्प्रचाराचा जन्मसंबंध नाही हे वरील वंशावळीवरून कळेलच. पण आम्ही सांगत होतो ती गोष्ट स्वतःपुरतीही खरी नव्हती.

अलेक्झांड्रियाचा धर्मोपदेशक एरिअस शिकवत होता की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे. तो नव्हता असाही एक क्षण होता. हा वाद वाढला तेव्हा सम्राट कॉन्स्टंटाइनने दोन्ही पक्षांना पत्र लिहून कळवले की मुद्दा किरकोळ आहे, भांडू नका. किरकोळ म्हणून सोडलेला मुद्दा सुटला नाही, आणि वर्षभरात त्यालाच परिषद बोलवावी लागली. आज तुर्कस्तानात इझनिक म्हणतात त्या गावी. परिषदेने 'होमोऊसिओस' हा शब्द स्वीकारला: पुत्र पित्याशी तत्त्वतः एकच आहे. एरिअसबरोबर दोघा बिशपांनी सही नाकारली आणि ते हद्दपार झाले. २०२५ साली त्या परिषदेला १७०० वर्षे झाली. तर मुद्दा असा की त्या सभेत आयोटावाला शब्द घेऊन कोणी उभा नव्हता. एरिअसला 'एकच' मान्य नव्हते आणि 'सारखा'ही पुरेसे मान्य नव्हते. त्याचे अंतर एका अक्षराचे नव्हते, निर्माता आणि निर्मिती यांमधले होते.

'होमोइऊसिओस', म्हणजे तत्त्वतः सारखा, ही कल्पना घेऊन एक गट पुढे आला तो तीस-बत्तीस वर्षांनी, अंकिराचा बिशप बेसिल याच्याभोवती, ३५८ च्या सुमारास. अंकिरा म्हणजे आजचे अंकारा. ही माणसे एरिअसची बाजू घेणारी नव्हती, उलट त्याच्या टोकाच्या अनुयायांनी हादरलेली होती. 'एकच' म्हटले तर पिता आणि पुत्र यांतला भेदच पुसला जाईल अशी त्यांची धास्ती होती. त्याआधी वर्षभर, ३५७ मध्ये, सिर्मिअम येथील एका सभेने तोडगा काढला होता की दोन्ही शब्द वापरूच नयेत, कारण ते धर्मग्रंथात नाहीत. शब्द बंद केले की प्रश्न बंद होतो, ही राज्यकर्त्यांची समजूत फार जुनी आहे.

या सगळ्यात 'एकच' या शब्दाचा कैवारी म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो अथनेशिअस. नायसियाला तो आपल्या बिशपाबरोबर आलेला तरुण सेवक होता. ३२८ मध्ये स्वतः बिशप झाला आणि ३७३ पर्यंत राहिला. या पंचेचाळीस वर्षांपैकी सुमारे सतरा त्याने हद्दपारीत काढली, पाच वेळा, चार सम्राटांच्या हातून. कधी गॉलमधील ट्रिअर, कधी रोम, कधी इजिप्तच्या वाळवंटातील संन्याशांच्या झोपड्या. अक्षरासाठी हटून बसलेला म्हातारा म्हणून त्याचे चित्र काढायला हे सारे फार सोयीचे आहे. पण ३५९ च्या सुमारास, तिसऱ्या हद्दपारीत असताना, त्याने परिषदांविषयी एक दीर्घ पत्र लिहिले. त्यात तो बेसिलच्या गटाविषयी म्हणतो की त्यांना शत्रू मानू नये. आम्हाला जे म्हणायचे तेच ते म्हणतात, केवळ शब्दाबद्दल साशंक आहेत, म्हणून त्यांच्याशी भावासारखे बोलावे. ज्या आयोटापायी जग दुभंगले असे आपण वर्गात सांगतो, त्या आयोटापलीकडच्या माणसांकडे हात पुढे केला तो याच माणसाने. तीन वर्षांनी अलेक्झांड्रियाच्या सभेत त्याने भिन्न शब्द वापरणाऱ्यांना विचारले की तुम्हाला अर्थ कोणता अभिप्रेत आहे, आणि अर्थ जुळल्यावर शब्दाचा हट्ट धरला नाही. शब्दाशी प्रामाणिक राहायचे तर आधी अर्थ विचारावा लागतो, ही गोष्ट त्याला कळली होती. आमच्या टिपणवहीत मात्र ती नव्हती.

मग ही 'एका आयोटाची लढाई' आली कोठून? बोट गिबनकडे दाखवले जाते. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा जो इतिहास त्याने लिहिला, त्याच्या १७८१ मध्ये निघालेल्या दुसऱ्या खंडात, एकविसाव्या प्रकरणात, हा उल्लेख आहे. पण तेथे आयोटा हा शब्द नाही. गिबन जोडस्वर म्हणतो, आणि ते बरोबरही आहे, कारण ग्रीकमध्ये 'ओ' व 'इ' मिळून तेथे एकच स्वर होतो. शिवाय हसतो तो गिबन नव्हे. या जोडस्वरावरून झालेल्या भांडणाला सर्व काळातले नास्तिक हसत आले आहेत, असे तो नोंदवतो, आणि लगेच जोडतो की जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या शब्दांत अगदी विरुद्ध कल्पना असू शकतात, तेव्हा केवळ अक्षर एक म्हणून हसणे हेच हास्यास्पद ठरले असते. येथे मात्र त्या दोन पक्षांच्या मतांतच खरा भेद दाखवता येत नाही. म्हणजे गिबन आणि अथनेशिअस, एक अश्रद्ध आणि एक संत, या ठिकाणी एकाच निष्कर्षाला येतात. कार्लाइलचे उलट झाले. तरुणपणी तोही या जोडस्वराला हसला होता. उतारवयात आपला चरित्रकार फ्रूड याच्याशी बोलताना तो म्हणाला की आता मला दिसते, पणाला लागला होता तो सारा ख्रिस्ती धर्म, एरिअसचा पक्ष जिंकता तर त्याची नुसती दंतकथा उरली असती. यांतले कोणते मत ग्राह्य हा धर्मेतिहासकारांचा प्रश्न. आम्हाला एवढेच दिसते की एका अक्षराने सर्व घडवले अशी गोष्ट लोकांना आवडते. आपल्याकडे ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याची सारी गुंतागुंत, गारद्यांचा थकलेला पगार, राघोबादादांची महत्त्वाकांक्षा, कारभाऱ्यांचे गट, हे मागे पडते आणि लक्षात राहतो तो 'धरावे'चा 'मारावे' करणारा आनंदीबाईंचा 'ध चा मा'. आख्यायिका म्हणूनच ती सांगितली जाते, पण वाक्प्रचार होऊन बसली आहे. आम्ही नायसियाची गोष्ट इतक्या सहज गिळली याला 'ध चा मा' ऐकत वाढलेले आमचे कानही कारण असतील.

साहित्याच्या विद्यार्थ्याला आयोटाची आणखी एक बाजू माहीत असावी, आणि ती धर्माची नाही. दीर्घ स्वरापुढचा आयोटा ग्रीक बोलीतून लवकर मावळला, इ.स.पू. शंभरच्या आसपास तो ऐकू येईनासा झाला होता. लेखनिक कधी लिहीत, कधी गाळीत. पुढे मध्ययुगात, साधारण बाराव्या शतकापासून, तो स्वराच्या पायाशी बारीक रेघ म्हणून लिहू लागले. गाण्याला ग्रीक शब्द 'ओइदे'. त्यातला आयोटा असाच पायाशी बसलेला. इंग्रजी 'ओड' हा तोच शब्द, आयोटा गळालेला. आता गंमत पाहा. 'ट्रॅजेडी' आणि 'कॉमेडी' यांच्या शेवटीही हेच गाणे आहे, पण रोमनांनी हे शब्द आयोटा ऐकू येत होता त्या काळात घेतले, म्हणून लॅटिनमध्ये 'ट्रागोएडिआ', 'कोमोएडिआ' असे जोडस्वर आले आणि त्यांचा 'ए' इंग्रजीत उरला. 'मेलडी', 'पॅरडी', 'रॅप्सडी' हे मात्र लॅटिनमध्ये उशिरा आले, आयोटा मुका झाल्यावर, म्हणून तेथे इंग्रजी लेखनात 'ओ' आहे. एकाच गाण्याचे दोन कालखंड, आणि त्यांचा शिलालेख इंग्रजी शब्दांच्या शेवटच्या अक्षरांत. 'ट्रॅजेडी'मधला 'ए' म्हणजे आयोटाची समाधी, असे आम्ही आता वर्गात सांगतो. हे मात्र तपासून घेतले आहे.

मराठी वाचकाला येथे आपला अनुस्वार आठवेल. 'घरांत', 'तें', 'केलें' यांवरची टिंबे प्रमाण उच्चारातून गेली होती, कोकणातल्या काही बोलींत ती आजही ऐकू येतात. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम शासनाने स्वीकारले आणि ती कागदावरूनही गेली. सोय झाली यात शंका नाही. पण 'नांव' आणि 'नाव' यांतील माणसाची ओळख आणि पाण्यातली होडी यांचा भेद आता संदर्भावर सोपवला आहे, आणि जुनी पाठ्यपुस्तके हाती आली की विद्यार्थी टिंबांना मुद्रणदोष समजतात. त्यात त्यांची चूक नाही. पायाशी आयोटा पाहिलेल्या नवशिक्या ग्रीक वाचकाचेही तसेच होत असणार.

राहिला मागच्या बाकावरचा प्रश्न. वजा एकच्या वर्गमूळाला 'आय' हे चिन्ह ऑयलरने १७७७ च्या एका निबंधात दिले; निबंध छापला गेला १७९४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. ते लॅटिनमधल्या 'काल्पनिक' या अर्थाच्या शब्दाचे आद्याक्षर, साधे रोमन 'आय'. इंग्रज गणिती त्याला 'आय'च म्हणतात. आपल्याकडच्या वर्गांत मात्र त्याचा आयोटा केव्हातरी झाला आणि अकरावीच्या गणितात तो पक्का बसला. ग्रीक आयोटा गणितात आहे, पण दुसरीकडे: रसेल आणि व्हाइटहेड यांनी १९१० पासून काढलेल्या 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका'त पेआनोच्या पद्धतीने उलटा आयोटा वापरला आहे, 'अमुक गुणाची ती एकमेव वस्तू' या अर्थी, इंग्रजी निश्चयवाचक उपपदाचे काम तो करतो. मराठीत असे उपपद नसल्याने आपल्या तर्कशास्त्रज्ञांना तो उलटा आयोटा आपल्याहून अधिक उपयोगी पडावा.

पुढच्या तासाला आम्ही आधी नायसियाची गोष्ट मागे घेतली. मग त्या विद्यार्थ्याला ऑयलरविषयी सांगितले. तो जरा खट्टू झाला. दोन वर्षे तो आयोटाच म्हणत आला होता. आम्ही म्हटले, म्हणत राहा, एवढ्या वर्गांनी म्हटल्यावर तोही इथल्या भाषेतला शब्द झाला. त्याने वहीत दोन्ही अक्षरे शेजारी शेजारी काढून पाहिली. म्हणाला, "सर, ओळखायला सोपे आहे. आम्ही गणितात काढायचो त्याच्यावर टिंब असायचे." ग्रीक आयोटावर टिंब नसते. त्या टिंबाला इंग्रजीत काय म्हणतात हे त्याने विचारले, आणि आम्ही फळ्यावर 'टिटल' लिहिले.